डिहायड्रेशन ट्रायल

आमचे चीफ ज्या विमानतळाला वीज पुरवत, त्या विमानतळावरून ते स्वतः कधीही विमानात बसत नसत. सुट्टीवर निघाले की बॅग उचलून बस पकडायचे, वाळवंट ओलांडून दुसऱ्या अमिरातीत जायचे आणि तिथल्या विमानतळावरून मुंबईचं विमान घ्यायचे. आमच्या प्लांटच्या गेटपासून आमचं टर्मिनल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईची थेट फ्लाइट तिथूनही सुटते आणि स्टाफला तिकिटात सवलत मिळते.

मी नवीन असताना भोळेपणाने कारण विचारलं.

"साधं आहे, बाय," ते म्हणाले. "मी वर, प्लांट खाली. प्लांट ट्रिप झाला, तर काही करू शकणारा एकच माणूस, आणि तो सीटबेल्ट लावून बसलाय. हे काय इंजिनिअरिंग झालं?"

"पण सर, रनवेच्या दिव्यांना शहराची लाइन आहे. जनरेटर आहेत. बॅटऱ्या आहेत."

"आहेत ना. मीच बसवल्यात," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतो."

ते वसईचे, केळीची वाडी असलेल्या ख्रिस्ती घरातले. आखातात केस पांढरे झाले तरी बोलणं वसईचंच राहिलं होतं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून मी 'बाय'. बाकी सगळे 'हबीबी', त्यात दोन्ही टर्बाइनसुद्धा आली.

आमचा प्लांट नेमकं काय करतो, हे चिंचवडला राहणाऱ्या माझ्या आईला आजतागायत पटलेलं नाही. नैसर्गिक गॅस जाळून टर्बाइन फिरवायचं आणि वीज करायची, इथपर्यंत तिची हरकत नसते. पण टर्बाइनमधून जो तापलेला धूर बाहेर पडतो त्यावर आम्ही पाणी उकळतो आणि ती वाफ विमानतळाला देतो, हे सांगितलं की ती थांबते. "लोक तिथे घामाने निथळतायत, आणि तुम्ही त्यांना उष्णता विकता?" मग मी सांगते की वाफेवर चालणारी यंत्रं असतात, त्यांना वाफ दिली की ती थंड पाणी देतात, त्या पाण्यावर टर्मिनल गार होतं, आणि उरलेली वाफ विमानातलं जेवण करणाऱ्या किचनला आणि लाँड्रीला जाते. यावर ती "बरं" म्हणते. हे 'बरं' मी लहानपणापासून ओळखते.

चीफ हेच एका वाक्यात सांगत. "गॅस एकदाच पेटतो, पण त्याच्याकडून काम दोनदा करून घ्यायचं." पाहुण्यांना हे फार आवडायचं. अडचण एवढीच होती की ते स्वतः दोनदावर थांबत नसत. गरम असलेली कुठलीही वस्तू नुसती गरम असलेली त्यांना बघवायची नाही. कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफेचं गरम पाणी परत आणणाऱ्या, पाइपवर आमचे डबे गरम होत. बॉयलरच्या जिन्याखाली धुतलेले बूट वाळत. कंट्रोल रूममध्ये कोणी कोणावर भडकलं, आवाज चढला, की चीफ खुर्ची ओढून मध्ये बसत आणि अगदी मनापासून विचारत, "ठीक आहे. पण ही हीट आता लावायची कुठे?" जणू काही आता पाइप टाकायला घेणार आहेत. भांडणारा गोंधळून गप्प बसायचा. हा प्रयोग मी घरी नवऱ्यावर एकदा केला. त्याने जागा सुचवली.

दुपारी जेवण झालं की ते टर्मिनलमध्ये चक्कर मारत. टर्मिनलचं तापमान दाखवणारे सेन्सर छपरावर जागोजागी आहेत आणि त्यांचे आकडे आमच्या स्क्रीनवर येतात, पण चीफना छपराच्या मताशी कर्तव्य नव्हतं. ते शर्टची कॉलर खाली करून मान उघडी टाकत, चेक-इनच्या रांगेजवळ उभे राहत आणि भारतात परत निघालेल्या आज्या न्याहाळत. आजीने कानावर पदर घेतला, तर गारवा बरोबर. पिशवीतून शाल काढली, तर गारवा एक डिग्री जास्त. नातवाच्या अंगावरची शाल ओढून स्वतःला गुंडाळली, की कंट्रोल रूमला फोन. "बाय, वाफ कमी कर. आजी डबल शालीत गेली." मी स्क्रीन बघायची. निम्म्या वेळा सेन्सर त्यांच्या बाजूने असायचा. उरलेल्या वेळी चीफ म्हणत, "मग ती तापातून उठलेली असेल."

आता सुकेळी.

बॉयलरच्या मागे एक छोटी खोली होती. पूर्वी तिथे स्टोअर होतं. चीफनी तिच्यात वाफेची एक बारकी कॉइल आणली, पंखा बसवला, स्टीलच्या मांडण्या केल्या आणि दारावर इंग्रजी पाटी लावली, 'डिहायड्रेशन ट्रायल. अंडर ऑब्झर्व्हेशन.' सेफ्टीवाले दर वर्षी येत, पाटी वाचत, मान डोलावत आणि पुढे जात. ट्रायल कसली, हे कोणी विचारलं नाही. आत केळी होती.

पिकलेली केळी सोलून सावकाश वाळवली की ती तपकिरी, चिकट आणि गोडमिट्ट होतात, ती सुकेळी. चीफच्या लहानपणी वाडीत मांडवच्या मांडव भरून ती उन्हात पडलेली असत. आता करणारी घरं मोजकी उरलीत, आणि त्यांच्या घरात तर हे काम त्यांच्याशिवाय कोणालाच येत नव्हतं. "इथलं ऊन वाळवत नाही, बाय, भाजतं," असं त्यांचं मत होतं, शिवाय वाळू. म्हणून वाफ. केळी अल क्वोजमधल्या एका मल्याळी दुकानातून येत, कारण केरळातलं नेंद्रन केळं वसईच्या राजेळीच्या सगळ्यात जवळचं. घेऊन आले की रडगाणं ठरलेलं. "सात दिरहम किलो. म्हणजे एकशे साठ-सत्तर रुपये! केळ्याला! माझा बाप उठून बसेल."

मी चांगली डिग्री आणि दोन कंपन्यांचा अनुभव घेऊन या प्लांटवर आले होते. पहिल्या दिवशी टर्बाइन दाखवतील म्हणून नवे सेफ्टी शूज घालून गेले, तर चीफनी मला त्या खोलीत नेलं. "दर राउंडला उलटायची. चिमट्याने नाही, हाताने." ती खोली हातात येणं म्हणजे बढती, हे सीनियर ऑपरेटर शाजीने मला नंतर सांगितलं. मला ते अपमानासारखं वाटत होतं. घरी गेले की माझी मुलगी नाक उडवायची, "आई, यू स्मेल लाइक बनाना."

कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर आमच्या वाफेची गिऱ्हाइकं ओळीने दिसत. टर्मिनल, फ्लाइट किचन, लाँड्री, ऑफिस ब्लॉक, आणि सगळ्यात खाली डी.टी. म्हणजे तीच ट्रायल.

चीफचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. कंपनी त्यांना दर वर्षी मुदत वाढवून देई, कारण त्यांच्या जागी कोण, हे ठरत नव्हतं. ठरवायचं चीफनीच होतं आणि त्यांचा कोणावर भरवसा बसत नव्हता. वसईहून त्यांच्या बायकोचा रोज दुपारी फोन यायचा. ती पहिला प्रश्न एकच विचारायची, आणि तिचा आवाज एवढा खणखणीत की तो आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचा. "माणूस मिळाला का?" चीफ माझ्याकडे बघत म्हणायचे, "बघतोय."

त्या बघण्यावर माझं बरंच काही टांगलेलं होतं. माणूस मिळाला नाही तर प्लांट बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा, असं हेड ऑफिसात घाटत होतं. कंत्राटदार आपली माणसं घेऊन येतात. त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची हमरिया फ्री झोनमधली कंपनी बंद पडली होती, आणि घर, मुलीची शाळा, तिघांचा व्हिसा, सगळं माझ्या एकटीच्या नोकरीवर आलं होतं. म्हणजे चीफना वसईला जायचं होतं, मला इथे राहायचं होतं, आणि दोन्हींसाठी एकच गोष्ट घडायला हवी होती. त्यांचा माझ्यावर भरवसा बसायला हवा होता.

तो बसला की नाही, हे कळायची खूण सगळ्या प्लांटला ठाऊक होती. चीफ सुट्टीवर निघाले की गेटमधून डावीकडे वळत. डावीकडे बसस्टॉप, उजवीकडे टर्मिनल. शाजी दर वेळी कूलिंग टॉवरवर चढून बघायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचा, "मॅडम, लेफ्ट."

त्या ऑगस्टमध्येही लेफ्टच निघालं. आणि ते बसमध्ये असतानाच बाहेरून येणाऱ्या गॅसचं प्रेशर पडलं आणि एक टर्बाइन बंद झालं.

विजेची काळजी नव्हती. शहराच्या लाइनने लगेच भार उचलला, टर्मिनलमधला एक दिवा लुकलुकला नाही. पण उष्णता शहराच्या लाइनीवरून येत नाही. वाफ निम्म्यावर आली, बाहेर ऑगस्टची दुपार, आणि टर्मिनल माणसांनी भरलेलं. शाजीने चीफना फोन लावायला मोबाइल काढला. मी म्हटलं, "ठेव तो."

लाँड्री बंद केली. किचन बंद केलं. ऑफिस ब्लॉक बंद केला, त्यात जनरल मॅनेजरची केबिनही आली. मिळेल तेवढी वाफ टर्मिनलला. शेवटी शाजीने स्क्रीनच्या तळाशी बोट नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, डी.टी.?"

"चीफचं आहे ते," मी म्हटलं. "रहने दो."

शाजीने सुटकेचा श्वास टाकला. खोलीतल्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. आम्हाला वर्षानुवर्षं तसंच वळण लागलं होतं. संध्याकाळच्या आत टर्बाइन परत सुरू झालं. टर्मिनलमध्ये आज्यांनी शाली घड्या करून पिशव्यांत ठेवल्या, याहून मोठं काही घडलं नाही. आपण पास झालो, या आनंदात मी घरी जाताना मुलीसाठी केक घेतला.

जनरल मॅनेजर इथलेच, अरब. शांत गृहस्थ, कधी आवाज चढवत नसत. घामाने भिजलेला कंदुरा, म्हणजे पायघोळ झगा, बदलून ते त्याच संध्याकाळी, मी निघाल्यावर, कंट्रोल रूममध्ये आले आणि त्यांनी त्या दुपारची नोंद स्क्रीनवर बघितली. सगळ्यांची वाफ खाली गेलेली, टर्मिनलचीसुद्धा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाफ मिळालेलं गिऱ्हाईक एकच. "हू इज डी.टी.?" त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा बॉयलरच्या दिशेला गेल्या. मग ते स्वतः उठले आणि त्यांनी ते दार उघडलं.

शाजीने फोन केला तेव्हा चीफ त्या दुसऱ्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत होते. तिथूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग झाली. टेबलाच्या मधोमध पुरावा म्हणून सुकेळ्यांचा ट्रे ठेवला होता. फ्लाइट किचनचा मॅनेजर दिल्लीकडचा. तो उभा राहूनच बोलत होता. "हमारा नाश्ता ठंडा गया, और आपका केला आराम से गरम बैठा है! वाह!" तो तापत गेला तसे आम्ही सगळे चीफकडे बघत राहिलो. आता ते विचारणार, ही हीट लावायची कुठे. त्यांनी नाही विचारलं.

ते म्हणाले, "ट्रायल माझी आहे. जबाबदारी माझी."

"व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा निर्णय माझा होता," मी म्हटलं.

जनरल मॅनेजरनी आमच्या दोघांकडे बघितलं, मग ट्रेकडे. एक सुकेळं उचललं, तोडलं आणि खाल्लं. सुकेळं खायला वेळ लागतो.

"नॉट डेट्स," ते म्हणाले.

"नो, सर. बनाना."

"हं." त्यांनी बोटं पुसली. "ट्रायल सक्सेसफुल. नाऊ, खलास." आणि ट्रे उचलून घेऊन गेले.

मांडण्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. चीफ प्रत्येक रिकामा ट्रे पुसून ठेवत होते. त्यांना केळ्यांचं वाईट वाटतंय असं समजून मी म्हटलं, "सर, सॉरी. मला वाटलं, तुमची आहेत, बंद केली तर तुम्हाला..."

"बाय," ते म्हणाले, "एअरपोर्टच्या आधी मी केळी ठेवीन, असं वाटलं तुला?"

मी पाना उचलून पुढचा नट सोडवायला घेतला.

"लाँड्री बंद केलीस, करेक्ट. किचन, करेक्ट. जीएमची केबिन बंद करायला तर जिगर लागते. पण शेवटच्या व्हॉल्व्हला तू प्लांट नाही चालवलास, माझी मर्जी चालवलीस. उद्या मी नसेन. मग कोणाची मर्जी चालवशील?"

मला संताप आला. इतकी वर्षं ती पाटी, ती दर राउंडची उलटापालट, आणि आता हे! त्यांचा राग आला, स्वतःचा आला, त्या केळ्यांचा तर फारच आला. पाना इतक्या जोरात ठेवला की आवाज झाला. आता तरी ते हीटबद्दल विचारतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, पण ते पाटीचे स्क्रू काढत होते. ते शेवटपर्यंत माझ्याकडे वळले नाहीत.

त्या वर्षी ते सुट्टीवर गेलेच नाहीत. दुपारी फोन यायचा, प्रश्न यायचा, चीफ "बघतोय" म्हणायचे, पण आता म्हणताना खिडकीबाहेर बघायचे. खिडकीबाहेर कूलिंग टॉवर होता. घरी नवरा रोज विचारायचा आणि मी म्हणायची, "इन्शाल्ला." माझ्या तोंडी हा शब्द आला की तो गप्पच व्हायचा.

खोलीला पुन्हा जीव आला तो रमजानच्या तोंडावर. पुराव्याचा ट्रे जनरल मॅनेजरकडून परत आलाच नव्हता. त्यांनी चीफना कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "दॅट ट्रायल... माझ्या आईला आवडली. मे बी, फेज टू?" पाटी नव्याने रंगवली गेली, 'डिहायड्रेशन ट्रायल. फेज टू.' पण या वेळी चीफनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. व्हॉल्व्हची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुझी ट्रायल. तुझा व्हॉल्व्ह." त्यानंतर केळी मी आणली, मी सोलली, मी उलटली. त्यांनी एकदाही चौकशी केली नाही. मी मात्र त्या कॉइलपुढे उभी राहिले की ऑगस्टमधली ती दुपार मनात पुन्हा पहिल्यापासून चालवायची.

मग एका हिवाळ्यात चीफनी मुदतवाढ नको म्हणून कळवलं. त्यांच्या जागी कोण, हे त्यांनी जनरल मॅनेजरना केबिनमध्ये सांगितलं आणि जनरल मॅनेजरनी बाहेर येऊन "गुड" एवढंच म्हटलं. कोण गुड, ते नाही. निघायच्या दिवशी चीफ सगळ्यांशी हात मिळवत फिरले, दोन्ही टर्बाइनच्या पत्र्यावर थाप मारून "यल्ला, हबीबी" म्हणाले. माझ्यापाशी आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "ड्यूटीवर आहेस ना? मग बस."

ते बॅग ओढत गेटकडे गेले. शाजी टॉवरवर होता. वॉकीटॉकीवर बराच वेळ नुसती खरखर. मग तो ओरडलाच, "मॅडम! राइट! राइट लिया!"

मला रडू आलं. कंट्रोल रूममध्ये, सगळ्यांसमोर. जाऊ दे, आलं.

तासाभराने टर्मिनलमधून फोन आला. "बाय, इथे एक आजी डबल शालीत आहे."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही आता पॅसेंजर आहात."

"हो की," ते म्हणाले. मग म्हणाले, "बोर्डिंग चाललंय. फोन बंद करायला सांगतायत."

"करा, सर."

आणि त्यांनी केला. त्यांचा फोन बंद लागतोय हे मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. खात्री करायला म्हणून एकदा लावून बघितला, खरंच बंद होता.

गॅसवाल्यांनी नेमका हाच मुहूर्त साधला. चीफचं विमान गेटवरून मागे सरकलं असेल-नसेल, प्रेशर पडलं आणि एक टर्बाइन गेलं. शाजी धावत आत आला, स्क्रीनसमोर बसला आणि त्याचा हात अधांतरी थांबला. "मॅडम, पहले क्या?"

"डी.टी."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

"डी.टी. बंद," मी म्हटलं. "फिर लाँड्री."

मग काम सुरू झालं आणि मला खिडकीकडे बघायला फुरसत मिळाली नाही. शाजीनेच सांगितलं की एक विमान वर गेलं, आपल्या चीफचंच असावं. टर्बाइन परत सुरू व्हायला तो दिवस गेला. वाफ परत आली तशी आधी किचनला दिली, मग लाँड्रीला, मग ऑफिसांना. सगळ्यांचं भागल्यावर, दुसऱ्या दिवशी, मी त्या खोलीत गेले. समुद्राकडची दमट हवा आत शिरली होती. केळ्यांवर पाणी सुटलं होतं आणि आंबूस वास येत होता.

मी ट्रे रिकामे करत होते तेव्हाच वसईहून फोन आला. मागे कोंबडा आरवत होता. पोचल्याचं त्यांनी सांगितलं नाही, तब्येतीचं मी विचारलं नाही.

"सुकेळी कशी आहेत?"

"गेली, सर. काल टर्बाइन बंद पडलं, सगळी वाया गेली."

आयुष्यात वाफेची एक फुंकर वाया जाऊ न दिलेला माणूस होता तो.

"व्हेरी गुड, बाय," ते म्हणाले. मग त्यांनी फोन बाजूला धरला असावा, कारण पुढचं लांबून, घरात कोणाला तरी हाक मारल्यासारखं ऐकू आलं. "अगं, ऐकलंस का? माणूस मिळाला."